बुडबुड्याचा हिशेब

प्रकाशा-शहादा पट्ट्यात पपई किंवा केळी लावणाऱ्या माणसाला ठिबकची ‘ॲसिड ट्रीटमेंट’ शिकवायला जाऊ नये. तोच आपल्याला शिकवतो. बोअरच्या जड पाण्यातला चुना ड्रिपरच्या तोंडाशी साचतो, पांढरं पूट धरतं आणि झाडाला पाणी पोचेनासं होतं. मग बादलीत आधी पाणी, त्यात बेताबेताने ॲसिड (उलटं कधीच नाही), आणि ते पाणी लाइनीतून सोडायचं. बंद पडलेला एखादा ड्रिपर काढून त्या बादलीत टाकला की फस्सकन बुडबुडे येतात आणि थोड्या वेळात तोंड मोकळं होतं. पाण्याचा सामू चारच्या आसपास आला की नाही, हे बघायची कागदी पट्टी खोपटात कुठेतरी खोचलेली असते.

तो बुडबुडा कार्बन डायऑक्साइडचा. ॲसिड खर्ची पडलं, कार्बोनेट खर्ची पडलं, पाणी उरलं आणि वायू हवेत गेला. आपल्या रक्तात अहोरात्र हाच उद्योग चालू असतो. तिथे कार्बोनेटच्या जागी बायकार्बोनेट असतं आणि बुडबुडा डोळ्यांना दिसत नाही, कारण तो श्वासावाटे बाहेर पडतो. आयसीयूत ‘एबीजी’ नावाची जी तपासणी करतात, म्हणजे धमनीतल्या रक्तातल्या वायूंची, ती म्हणजे या बुडबुड्याचा जमाखर्च. ॲसिड किती आलं, बायकार्बोनेट किती उरलं, वायू वेळेवर बाहेर जातोय की आत तुंबलाय, एवढंच तिला सांगायचं असतं. आणि तो कागद वाचताना सगळ्यात जास्त फसवतो तो ‘नॉर्मल’ हा शब्द. हा लेख मुख्यतः त्या फसवणुकीबद्दल आहे.

माती परीक्षणाच्या कागदावरचा सामू आणि या कागदावरचा पीएच एकच. तापीकाठच्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीचा सामू आठच्या आसपास असतो. तो साडेसात झाला काय किंवा सव्वाआठ झाला काय, कापूस तक्रार करत नाही. रक्ताला एवढी मोकळीक नाही. ७.३५ ते ७.४५ ही त्याची वहिवाट, ६.८ च्या खाली किंवा ७.८ च्या वर माणूस सहसा वाचत नाही. ७.४ वरून ७.१ म्हणजे ऐकायला किरकोळ घसरण वाटते, पण सामूचं माप लॉगच्या हिशेबाने चालतं, त्यामुळे तेवढ्यात आम्लाचे कण दुप्पट झालेले असतात. मुळात ते आहेत तरी किती? लिटरभर रक्तद्रवात सोडियम सुमारे १४० मिलिमोल, तर हायड्रोजनचे मोकळे कण ४० नॅनोमोल. म्हणजे सोडियम त्यांच्या ३५ लाख पट. इतक्या चिमूटभर गोष्टीवर शरीरातलं प्रत्येक प्रथिन आपला आकार आणि काम सांभाळून असतं.

हे सांभाळायला दोन यंत्रणा आहेत आणि त्यांचा वेग वेगवेगळा आहे. पुराचं पाणी आलं की प्रकाशा बॅरेजचे दरवाजे उघडतात आणि पाणी खाली जातं, फुप्फुसं तशी. आम्ल वाढलं की काही मिनिटांत श्वास वाढतो आणि वायू बाहेर पडायला लागतो. दिवसाला सुमारे १५,००० मिलिमोल कार्बन डायऑक्साइड ती अशी उपसतात. पण दरवाजे उघडून पाणी जातं, गाळ जात नाही. जेवणातल्या प्रथिनांपासून तयार होणारी, वायू न होणारी आम्लं म्हणजे हा गाळ. रोजचा जेमतेम ७० मिलिमोल, पण तो मूत्रपिंडांनीच काढायचा आणि ती आपल्या चालीने काढतात. त्यांना काम वाढवायला तास नाही, दिवस लागतात. या दोन वेगांमधलं अंतर लक्षात ठेवलं तर एबीजीतलं अर्धं गूढ तिथेच संपतं.

नमुना घेतात तो मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला. वैद्य तीन बोटं ठेवून नाडी बघतात तीच जागा. एरवी रक्त शिरेतून काढतात; इथे सुई धमनीत जाते, आणि ती दुखते हे आधीच सांगून टाकावं. सुई बरोबर लागली तर दट्ट्या ओढावा लागत नाही, नाडीच्या ठोक्यागणिक रक्त आपणहून सिरिंजमध्ये चढतं. मग धावपळ सुरू होते. सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर तो ऑक्सिजनचा आकडा बिघडवतो. म्हणून लगेच काढून टाकायचा. नमुना नुसता ठेवून दिला तरी रक्तपेशी जिवंतच असतात, त्या बसल्या बसल्या ऑक्सिजन खातात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. लहान दवाखान्यांत साध्या सिरिंजमध्ये रक्त गोठू न देणारं हेपरिन ओढून ती वापरतात. ते हेपरिन नीट झटकून टाकलं नाही, तर रक्त पातळ होऊन बायकार्बोनेट आणि वायू दोन्ही खोटे कमी दिसतात. मशीन शेजारच्या खोलीत असेल तर हे सगळं निभतं. ते शहाद्याला किंवा नंदुरबारला असेल तर नमुना बर्फात ठेवून पाठवण्यापेक्षा पेशंटच पाठवलेला बरा, असं माझं मत आहे.

मशीन खरं तर तीनच गोष्टी मोजतं: सामू, कार्बन डायऑक्साइडचा दाब आणि ऑक्सिजनचा दाब. बायकार्बोनेट ते पहिल्या दोन आकड्यांवरून काढतं. मग किराणा दुकानातल्या पावतीसारखी एक चिठ्ठी बाहेर येते. हद्दीबाहेरच्या आकड्यापुढे मशीन बाण छापतं, वर किंवा खाली. कार्बन डायऑक्साइड ३५ ते ४५, बायकार्बोनेट २२ ते २६, ही छापील हद्द. नवशिका डॉक्टर आधी बाण शोधतो. मुरलेला डॉक्टर जिथे बाण नाही, तिथेही थांबतो.

उदाहरणच घेऊ. चार दिवस जुलाब झालेलं दोन वर्षांचं पोर. डोळे खोल गेलेले, पोट उडतंय, श्वास जोरात. घरचे म्हणतात छातीत कफ झाला. पण छातीला नळी लावली तर स्वच्छ. चिठ्ठीवर सामू ७.२६, कार्बन डायऑक्साइड २३, बायकार्बोनेट १०. जुलाबावाटे बायकार्बोनेट वाहून गेलं, चुना संपला आणि आम्ल उघडं पडलं. हा चयापचयाचा ॲसिडोसिस. फुप्फुसांनी दरवाजे उघडले म्हणून श्वास जोरात, म्हणूनच वायू २३ वर आलेला. तो कफ नव्हे, ती भरपाई आहे. नेब्युलायझर लावून उपयोग नाही, पाणी आणि क्षार भरायला हवेत.

ती भरपाई पुरेशी आहे का, हे बघायला एक सोपं सूत्र आहे. विंटर्स यांच्या नावाने ते ओळखलं जातं: बायकार्बोनेटची दीडपट, अधिक आठ; दोनने इकडेतिकडे चालेल. दहाची दीडपट पंधरा, अधिक आठ म्हणजे तेवीस. पोराचा आकडा नेमका २३. म्हणजे फुप्फुसं आपलं काम चोख करतायत.

आता हेच पोर, हेच १० बायकार्बोनेट, पण कार्बन डायऑक्साइड ३८ आहे असं समजा. छापील हद्दीत बसतं, मशीन बाण छापत नाही. आणि हाच सगळ्यात भयंकर कागद आहे. २३ हवा होता तिथे ३८, म्हणजे पोर श्वास घेऊन घेऊन थकलंय. सामू ७.०४ वर आलेला असतो. त्याला आता सलाइनइतकीच श्वासाची मदत हवी, आणि तीही लगेच. दम्याच्या जोरदार झटक्यातही हाच नियम लागू पडतो. धापा टाकणाऱ्या माणसाचा वायू कमी असायला हवा. तो ४० दिसला तर बरं वाटलं म्हणून नव्हे, शक्ती संपली म्हणून.

शरीर भरपाई करतं, पण कधी ओव्हरटाइम करत नाही, हा यातला दुसरा धडा. भरपाई सामूला वाटेवर आणून सोडते, पलीकडे नेत नाही. त्यामुळे सामू ज्या बाजूला कललेला, मूळ बिघाड त्याच बाजूचा. सामू आम्लाकडे आणि वायू वाढलेला, तर दोष श्वासात. सामू आम्लाकडे आणि बायकार्बोनेट घटलेलं, तर दोष चयापचयात. आणि सामू अगदी मधोमध असून बाकीचे आकडे विस्कटलेले असतील, तर बिघाड एक नाही, दोन आहेत आणि ते एकमेकांना झाकतायत.

काही वेळा आकडेही विस्कटत नाहीत. इन्सुलिन बंद झालेला मधुमेही, दोन दिवस उलट्या. सामू ७.४०, वायू ४०, बायकार्बोनेट २४. पाठ्यपुस्तकात छापावी अशी चिठ्ठी, एकही बाण नाही. पण सोबतच्या रिपोर्टात सोडियम १४० आणि क्लोराइड ८८. सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्बोनेट वजा केलं की उरतं त्याला ॲनायन गॅप म्हणतात. एरवी तो ८ ते १२ असतो. इथे येतो २८. दुकानदाराने गल्ला मोजावा, रोकड जुळावी, आणि तरी उधारीच्या वहीत कुणीतरी मोठी रक्कम लिहिलेली सापडावी, तसं आहे हे. ही लपलेली उधारी म्हणजे कीटोन आम्लं. त्यांनी बायकार्बोनेट खाल्लं, उलट्यांनी पोटातलं आम्ल बाहेर टाकून तेवढंच बायकार्बोनेट परत वाढवलं, आणि बेरीज शून्य आली. माणूस मात्र दोन्हीकडून आजारी. त्यामुळे ॲनायन गॅप न काढता वाचलेला एबीजी मला तरी अर्धाच वाचलेला वाटतो. जुलाबाच्या पोरात हा गॅप नॉर्मल निघेल, कारण तिथे गेलेल्या बायकार्बोनेटची जागा क्लोराइडने भरलेली असते. मात्र कुपोषित मुलाच्या रक्तात अल्ब्युमिन हे प्रथिन कमी असतं आणि गॅपही खोटा कमी दिसतो: दर एक ग्रॅम घटीला अडीच मिळवायचे. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून मुलं येतात त्या जिल्ह्यात ही दुरुस्ती विसरून चालत नाही.

आता श्वासाच्या बाजूचं. पावसाळ्यात शेतातल्या खोपटात जमिनीवर झोपलेला गडी. पहाटे पोट दुखतं म्हणतो, पापण्या मिटायला लागल्यात, अंगावर सूज नाही, दंश दिसत नाही. मण्यारीचं हे ठरलेलं रूप. विष नसांचा स्नायूंशी असलेला संबंध तोडतं, श्वासाचे स्नायू ढिले पडतात. चिठ्ठी: वायू ६४, बायकार्बोनेट २६, सामू ७.२३. मूत्रपिंडांना अजून काही कळलेलंच नाही. सगळं काही तासांतलं आहे. त्याला व्हेंटिलेटर हवा, तोवर हाताने दाबायची अंबू बॅग. (घोणस किंवा फुरसं चावलेल्या माणसाच्या धमनीत मात्र उगाच सुई घालू नये, त्या विषाने रक्त गोठत नाही, टोचलेल्या जागेतून ते वाहत राहतं.) त्याच रात्री त्याच शेतातून बिनविषारी साप चावलेला दुसराही येतो, तोंडाभोवती मुंग्या, बोटं आखडलेली, श्वास धपाधप. त्याचा वायू २५ आणि सामू ७.५४. हा नुसत्या भीतीने वायू घालवून बसलाय. धीर देऊन शेजारी बसणं हाच त्याला मोठा उपचार. पण हे म्हणण्याआधी साप खरंच बिनविषारी होता याची खात्री हवी.

तिसरी, चुलीपुढे जन्म गेलेली आजी. घरचे अहिराणीत सांगतात, ‘दम लागस’. विडी कधी ओढली नाही, पण चाळीस वर्षं लाकडं आणि तुराट्यांचा धूर ओढला. तिचाही वायू ६४. अगदी मण्यारीच्या रुग्णाइतका. पण सामू ७.३३, कारण बायकार्बोनेट ३३. वायू कित्येक महिने तुंबलेला असल्याने मूत्रपिंडांनी सावकाश बायकार्बोनेट साठवून समतोल आणलाय. हिशेब सोपा आहे: वायू दहाने वाढला तर पहिल्या काही तासांत बायकार्बोनेट एकाने वाढतं, दिवस गेले की साडेतीन-चारने. त्यामुळे ६४ हा आकडा कालचा की कैक वर्षांचा, हे बायकार्बोनेट सांगतं. एक जण मरणाच्या दारात, दुसरी ओसरीवर बसून चहा मागतेय. दोघांच्या चिठ्ठीवर वायूपुढे सारखाच बाण.

बायकार्बोनेट वाढलेलं दिसलं आणि त्याचं कारण चुकीचं लावलं, तर काय होतं हे जगाने एकदा फार मोठ्या प्रमाणावर पाहिलंय. १९५२ चा उन्हाळा, कोपनहेगन, पोलिओची साथ. ब्लेगडाम रुग्णालयात श्वास लुळा पडलेले रुग्ण रांगेने येत होते. पहिल्या तीन आठवड्यांत अशा ३१ जणांपैकी २७ गेले. प्रयोगशाळा तेव्हा रक्तातला एकूण कार्बन डायऑक्साइड मोजायची, आणि तो जवळपास सगळा बायकार्बोनेटच्या रूपात असतो. आकडा वाढलेला दिसे. डॉक्टर म्हणत, अल्कली वाढलाय, काहीतरी गूढ अल्कलोसिस आहे. ब्यॉर्न इब्सेन नावाचा भूलतज्ज्ञ बोलावला गेला. त्याने शवविच्छेदनं पाहिली, फुप्फुसं तितकी खराब नव्हती. त्याने आकडा उलटा वाचला: अल्कली वाढलेला नाही, वायू तुंबलाय आणि बायकार्बोनेट त्याच्या मागोमाग वाढलंय. २७ ऑगस्टला बारा वर्षांच्या एका मुलीच्या घशाला भोक पाडून नळी घातली गेली आणि हाताने रबरी पिशवी दाबून तिला श्वास दिला गेला. मुलगी वाचली. मग पिशव्या दाबायला सुमारे १,५०० वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने बसले. एका वेळी सत्तरेक रुग्णांचा श्वास त्यांच्या हातांत होता. मृत्यूचं प्रमाण सुमारे ९० टक्क्यांवरून हळूहळू २५ टक्क्यांपर्यंत उतरलं. आजच्या आयसीयूची सुरुवात तिथली मानतात. त्याच रुग्णालयातल्या प्रयोगशाळेचे प्रमुख पाउल ॲस्ट्रुप यांनी साथीतच सामू मोजून त्यावरून वायूचा दाब काढायची पद्धत बसवली. पुढच्या पाच-सहा वर्षांत अमेरिकेत लेलंड क्लार्क यांचा ऑक्सिजनचा आणि जॉन सेव्हरिंगहॉस यांचा कार्बन डायऑक्साइडचा इलेक्ट्रोड आला आणि मशीनचं आजचं रूप तयार झालं.

आपल्याकडे रक्तातल्या वायूंची चर्चा घराघरांत पोचली ती कोविडमध्ये. नंदुरबारचं नाव तेव्हा देशभर झालं. स्वतः एमबीबीएस असलेले तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी सप्टेंबर २०२० मध्येच हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारा पहिला प्लांट बसवून घेतला आणि एप्रिल २०२१ मध्ये मोठमोठी शहरं सिलिंडरसाठी वणवण करत असताना या आदिवासी जिल्ह्याकडे स्वतःचा ऑक्सिजन होता. त्या काळात बोटाला लावायचा ऑक्सिमीटरही गावोगाव आला आणि लोक आकडे बोलायला शिकले, ९५, ९२, ८८. त्याने जीव वाचवले यात शंका नाही. पण ऑक्सिमीटरला बुडबुडा दिसत नाही. चुलीवाल्या आजीला कुणी प्रेमापोटी भरघोस ऑक्सिजन लावला तर बोटावर ९८ झळकतात, सगळे खूश होतात, आणि आजी मात्र गुंगीत जायला लागते. जास्तीच्या ऑक्सिजनने तिच्या फुप्फुसातली रक्ताची वाटणी बिघडते, श्वासाची ओढही थोडी मंदावते आणि वायू आणखी तुंबतो. अशा रुग्णाला ८८ ते ९२ इतकंच ठेवायचं असतं. ती गुंगी झोप नाही, हे एबीजीच सांगू शकतो.

समजा ती गुंगीत गेलीच, वायू ९० झाला आणि तिला व्हेंटिलेटर लावावा लागला. मशीन हाताशी आहे, चिठ्ठीवरचे बाण डोळ्यांत खुपतायत. तरुण डॉक्टर श्वासांची संख्या वाढवतो आणि दोन तासांत वायू ४० वर आणतो. बाण गेला. पण तिचं बायकार्बोनेट ३३ आहे आणि मूत्रपिंडं ते दोन तासांत टाकून देणार नाहीत. सामू जातो ७.५४ वर, पोटॅशियम घसरतं, हृदयाचे ठोके चुकायला लागतात. आणि तो ४० तसाच दोन-तीन दिवस ठेवला तर मूत्रपिंडं साठवलेलं बायकार्बोनेट सोडून देतात. मग नळी काढल्यावर आजीचा वायू आपल्या नेहमीच्या ६० वर परतायला जातो तेव्हा त्याला सावरायला काही उरलेलं नसतं. तिचं नॉर्मल ६० च्या आसपासच आहे. मशीन त्यावर लावायचं, छापील हद्दीवर नाही.

पण तिचं नेहमीचं ६० की ६४, हे कळायचं कसं? ते मागच्या हिवाळ्यातल्या चिठ्ठीवर असतं, ती बरी होऊन घरी जाताना काढलेल्या. नातेवाईक ती घेऊनही येतात. कॅरीबॅगेत आधारकार्डाची झेरॉक्स, एक्स-रे, औषधांची रिकामी पाकिटं आणि मध्ये घडी घातलेली ती चिठ्ठी. उघडून बघावं तर कोरी. तो कागद पावतीसारखा उष्णतेवर छापणारा. वर्षभरात, पत्र्याच्या घरातल्या उन्हाने तर त्याआधीच, आकडे उडून जातात. म्हणून डिस्चार्ज कार्डावर शाईच्या पेनाने एक ओळ लिहून द्यावी लागते: ‘बरी असतानाचा वायू ६२, बायकार्बोनेट ३२, ऑक्सिजन ८८ ते ९२ पुरे.’ आणि सुनेला ती ओळ बोट ठेवून दाखवावी लागते.